लगोरीला जागा लागते

मे महिन्याची सुट्टी लागली की मराठी घरांतल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर ठरल्यासारखा फिरू लागतो. नळाला तोंड लावून पाणी पिणारी, दिवेलागणीपर्यंत उंडारणारी, गुडघे फोडून घेणारी आणि तरीही ठणठणीत राहिलेली ती आमची पिढी. आणि मोबाईलमध्ये मान घालून बसलेली ही आताची मुलं. त्याखाली पन्नाशी-साठीतले काका-मावश्या हात जोडलेल्या बाहुल्या टाकतात. मग एखादी भाची विचारते, तुमच्या त्या सोन्यासारख्या दिवसांत मुली सातच्या आत घरात का असायच्या, आणि भांडी घासायला येणाऱ्या बाईंची मुलं तुमच्या खेळात होती का? की झाली सुरुवात. एक बाजू म्हणते, आजच्या मुलांना बालपणच नाही. दुसरी म्हणते, तुमचं बालपण म्हणजे मार, डबक्यातले डास आणि सोयीस्कर विसरभोळेपणा. दोघंही तावातावाने बोलतात, आणि दोघंही ज्या गोष्टीवर उभे आहेत तिच्याकडे बघत नाहीत. ती गोष्ट म्हणजे जमीन.

माझं म्हणणं असं की सत्तर-ऐंशीच्या दशकात मुंबईच्या उपनगरांत वाढलेल्यांच्या आठवणी खऱ्या आहेत, पण त्यांतून आमच्या पिढीचा कणखरपणा किंवा आमच्या आईबापांचं शहाणपण सिद्ध होत नाही. फार तर एवढंच सिद्ध होतं की त्या काळी मुलांच्या वाट्याला भरपूर मोकळी जागा आली होती, तीही कोणी मुद्दाम दिलेली नव्हती. ती का आली आणि पुढे कोणत्या नियमाने, कोणाच्या सहीने गेली, हे विचारायला या आठवणी उपयोगी पडत असतील तर त्या जरूर काढाव्यात. एरवी तो निवृत्तीनंतरचा विरंगुळा आहे, आणि त्यासाठी नातवंडांना टोमणे मारायचं कारण नाही.

मी गोरेगावचा. १९५७ मध्ये मुंबई महापालिकेची हद्द दहिसर आणि मुलुंडपर्यंत सरकली, तेव्हा गोरेगाव मुंबईत आलं. पण नकाशावर आलेलं गाव अंगाने मुंबई व्हायला आणखी पंचवीस-तीस वर्षं गेली. माझ्या लहानपणी दोन-तीन मजली इमारती, बैठ्या चाळी, हाउसिंग बोर्डाच्या वसाहती आणि या सगळ्यांच्या मधे मोकळे पडलेले प्लॉट होते. पूर्वेला आरे कॉलनी, पश्चिमेला खाडीकडे उतरत गेलेली खाजणं. पावसाळ्यात प्लॉटमध्ये गुडघाभर टाकळा माजायचा, दसऱ्यानंतर तो वाळायचा, आणि मग तिथे लगोरी, आबाधुबी, विटीदांडू आणि वर्षभर क्रिकेट. लहान भावंडाला सांभाळायची जबाबदारी असेल तर त्याला ‘लिंबूटिंबू’ म्हणून घ्यायचं. म्हणजे तो खेळणार, पण त्याच्यावर राज्य येणार नाही. आजच्या शाळांच्या माहितीपत्रकांत ‘सर्वसमावेशक’ वगैरे जे छापलेलं असतं, ते आम्ही धाकट्याची ब्याद म्हणून केलेलं होतं.

पण ते प्लॉट कोणाचे होते? आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि जाणून घ्यायचं कारणही नव्हतं. ते सार्वजनिक मैदान नव्हतं. कुठे भावांचा वाटणीचा दावा चालला होता, कुठे मालकाकडे बांधायला पैसे नव्हते, कुठे १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्यात जमीन अडकली होती. उपनगरात चटईक्षेत्र निर्देशांक एक, म्हणजे जेवढा प्लॉट तेवढंच बांधकाम. त्यामुळे बांधलं तरी इमारत तीन मजल्यांवर थांबायची आणि भोवती आवार उरायचं. आमचं मैदान म्हणजे कोर्टात न लागलेला कोणाचा तरी निकाल होता. मुक्त बालपण, मुक्त बालपण म्हणून जे आम्ही मिरवतो, ते असं दुसऱ्याच्या रखडलेल्या व्यवहारावर फुकट वाढलं. ते मिळालं म्हणून शेखी कसली मिरवायची?

आकडे पाहिले तर हे जास्त स्पष्ट होतं. १९७१ च्या जनगणनेत माहीम-शीवच्या अलीकडचं मूळ शहर आणि पलीकडची उपनगरं यांची लोकसंख्या जवळजवळ सारखी होती. दोन्हींकडे तीस लाखांच्या आसपास. २०११ मध्ये मूळ शहर तिथेच होतं, साधारण ३१ लाख. उपनगरं ९३ लाखांच्या पुढे गेली होती. म्हणजे चाळीस वर्षांत मुंबईत जी माणसं वाढली, ती अक्षरशः सगळी आमच्या प्लॉटांवर राहायला आली. यात कोणाचा दोष नाही. पण ही वाढ विसरून ‘हल्लीची मुलं बाहेर पडत नाहीत’ म्हणायचं, तर त्यांनी बाहेर पडायचं म्हणजे नेमकं कुठे उभं राहायचं, हेही सांगायला हवं.

आता त्या भाचीकडे वळू, कारण तिचा मुद्दा या भांडणातला सर्वांत दणकट आहे. ती म्हणते, तुमच्या आठवणींत गाळलेल्या जागाच जास्त आहेत. अगदी बरोबर. आमच्या गोरेगावात नळाचं पाणी थेट पिण्याच्या गोष्टी सांगतात, तिथे मुळात नळाला पाणी यावं म्हणून बायकांना महापालिकेवर हंडे घेऊन जावं लागलं होतं. मृणाल गोरे १९६१ मध्ये गोरेगावातून नगरसेविका झाल्या आणि ‘पाणीवाली बाई’ हे नाव त्यांना पडलं, ते काही कौतुकाने पाडलेलं टोपणनाव नव्हतं. तो या उपनगराचा हालहवाल होता. १९७१ मध्ये भारतात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२९ पहिला वाढदिवस पाहत नव्हती. २०२० मध्ये हा आकडा २८ वर आला. ‘आम्ही नाही का जगलो?’ असं विचारणारे जगले म्हणूनच विचारू शकतात. जे गेले, त्यांचा व्हॉट्सअ‍ॅप गट नाही. आमच्या वर्गात पायाला कॅलिपर लावलेलं मूल असायचंच. भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण २०११ मधला आहे.

आणि सुरक्षितता? ‘तेव्हा कशाची भीती नव्हती’ हे वाक्य मला सर्वांत जास्त खटकतं. केंद्र सरकारच्या महिला आणि बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं, आणि अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे ओळखीचे किंवा विश्वासातले होते. ती मुलं आमच्या नंतरची; पण आमच्या वेळी हे नव्हतं असं मानायला काय आधार आहे? एवढाच की विचारणारं कोणी नव्हतं आणि सांगायला शब्द नव्हते. मुलींचा खेळ तर शहाणी झाली की एका दिवसात बंद व्हायचा. घरी येणाऱ्या बाईंचा मुलगा आईची वाट पाहत पायरीवर बसायचा. खेळायला माणूस कमी पडला तर त्याला फिल्डिंगला घेत. बॅटिंग मिळायच्या आत त्याची आई निघायची.

हे सगळं मान्य करून मी विचारतो, यातून निष्कर्ष काय काढायचा? लस आली, शाळेतल्या छडीवर कायद्याने बंदी आली, मुली उशिरापर्यंत बाहेर राहू लागल्या. यांतल्या कोणत्या गोष्टीसाठी मोकळा प्लॉट जाणं आवश्यक होतं? पोलिओचे थेंब पाजण्यासाठी कोणी मैदानावर सात मजले चढवले नाहीत. जुन्या काळातलं वाईट गेलं ते लोकांनी झगडून घालवलं म्हणून. चांगलं गेलं ते मात्र कोणी राखलं नाही म्हणून. या दोन वेगळ्या प्रक्रिया आहेत, आणि त्यांना एका गाठोड्यात बांधून ‘तेव्हा’ विरुद्ध ‘आता’ असा सामना लावला की दोन्ही बाजूंची सोय होते. शिवाय त्या पायरीवर बसलेल्या मुलाची बाजू घ्यायची, तर त्याच्या नातवाला खेळायला हक्काची जागा हवी असं म्हणावं लागेल. जागाच नकोशी करून त्याला न्याय कसा मिळणार?

आता मोबाईल. हा काका लोकांचा हुकमाचा पत्ता आहे आणि तो अगदीच फोल नाही. हातातल्या पडद्याची ओढ खरी आहे, ती मोठ्यांनाही सुटत नाही, आणि मुलांना चिकटवून ठेवण्यासाठीच ती यंत्रं आणि खेळ घडवलेले असतात. पण क्रम तर बघा. ब्रिटनमध्ये १९७१ आणि १९९० अशा दोन पाहण्या झाल्या. सात-आठ वर्षांची किती मुलं मोठ्या माणसाशिवाय शाळेत जातात, हा एक साधा प्रश्न त्यांत होता. १९७१ मध्ये उत्तर होतं ८० टक्के. १९९० मध्ये ९ टक्के. १९९० मध्ये कोणत्या मुलाच्या हातात मोबाईल होता? मुलं घरात गेली ती रस्त्यावर गाड्या आल्यामुळे. मोबाईल आला तेव्हा ती आधीच आत बसलेली होती. आपल्याकडे हे थोडं उशिरा झालं, इतकंच. पहिली मारुती ८०० गिऱ्हाइकाच्या हाती पडली डिसेंबर १९८३ मध्ये. नव्वदीच्या सुरुवातीला केबल आली, दहावीच्या क्लासचं लोण सातवीपर्यंत उतरलं, आणि आमच्या गल्लीत स्टंप म्हणून ठेवायची वीट एका फियाटच्या चाकाखाली अडसर म्हणून गेली. आज मुंबईतल्या वाहनांची नोंदणी चाळीस लाखांच्या पुढे आहे.

आणखी एक पुरावा पायाखालीच आहे. गोरेगाव पश्चिमेला लिंक रोडजवळच्या वस्त्यांमध्ये कोणत्याही संध्याकाळी चक्कर मारा. मुलं बाहेर असतात. घरोघरी मोबाईल आहेत, पोरं रीळ बघतात, आणि तरीही गल्लीत रबरी चेंडूचं क्रिकेट चालूच असतं. तिथल्या आईबापांना संस्कारांचं जास्त कळतं असं नाही. घर दहा बाय बाराचं असतं आणि त्यात आजोबा झोपलेले असतात. आम्हीही याच कारणासाठी बाहेर होतो. घरात मावत नव्हतो! आई ‘जा बाहेर’ म्हणायची ते आमच्या व्यक्तिमत्त्वविकासासाठी नव्हे, तर केर काढायला जमीन मोकळी व्हावी म्हणून. वस्तीतल्या त्या गल्लीचं मला गुणगान करायचं नाही. तिथे उघडं गटार आहे आणि चेंडू त्यात पडला की हात घालून काढावा लागतो. म्हणणं एवढंच, की मोबाईल हे एकटं कारण असतं तर ती गल्लीही ओस पडायला हवी होती.

बाहेर असलेल्या आम्हांला सांभाळत होतं कोण, हेही एकदा बोलायला हवं. ‘सगळी वाडी मुलांवर लक्ष ठेवायची’ असं म्हणतात. वाडी म्हणजे कोण? पुरुष सकाळी आठ-तेराच्या लोकलने गेलेले असत. लक्ष ठेवत होत्या त्या बायका. गॅलरीत तांदूळ निवडताना, नळावर रांगेत उभ्या असताना, पापड वाळत घालताना. शहराची एवढी मोठी सुरक्षाव्यवस्था बिनपगारी चालली होती, आणि तिच्यापायी कितीजणींनी नोकऱ्या सोडल्या किंवा धरल्याच नाहीत, त्याचा हिशेब कोणी ठेवला नाही. आता त्यांच्या मुली कामाला जातात. ते तसंच राहायला हवं. म्हणून ‘जुने शेजार राहिले नाहीत’ अशी हळहळ कोणी व्यक्त केली की मला विचारावंसं वाटतं, गॅलरीत परत कोणी उभं राहायचं? तुम्ही राहणार? नसाल तर ते काम आता पगारी माणसानेच करायला हवं, आणि पगार महापालिकेने द्यायला हवा. २०२५-२६ चं मुंबई महापालिकेचं अंदाजपत्रक ७४ हजार कोटींच्या वर आहे. प्रत्येक मैदानावर संध्याकाळी चार ते आठ एक प्रशिक्षित माणूस ठेवणं ही त्या रकमेत चैन नाही.

विरुद्ध बाजूचा खरा वजनदार मुद्दा याच्या पुढे आहे, आणि तो या भांडणात सहसा कोणी मांडत नाही, म्हणून मीच मांडतो. लोकांना घरं हवी होती. चाळीतल्या सामाईक संडासासमोर डबा घेऊन उभं राहिलेल्या माणसाला पुनर्विकासात स्वतःचं न्हाणीघर मिळालं, तर त्याला ‘तुझ्यामुळे लगोरी गेली’ म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे? मला तरी नाही. गळक्या छपराखाली पावसाळे काढलेल्या कोणालाही पुनर्विकासाविरुद्ध व्याख्यान देता येणार नाही. पण घर हवं होतं म्हणून जे जे झालं ते सगळं घरासाठीच झालं, असं मात्र नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, आला. त्यामागची कल्पना चांगली होती: मैदान, शाळा, रस्ता यांसाठी राखलेली जमीन मालकाने पालिकेला द्यावी आणि मोबदल्यात पैशांऐवजी बांधकामाचा हक्क घ्यावा. हा हक्क मूळ शहरात नव्हे, उत्तरेकडे उपनगरांत वापरायचा होता. परिणाम काय झाला? कुठलं तरी मैदान कागदावर मिळवण्यासाठी दिलेला हक्क आमच्या तीन मजली इमारतींच्या डोक्यावर येऊन बसला. तीनाचे सात मजले झाले, आवार तेवढंच राहिलं, आणि आवारात गाड्या आल्या. एका गाडीला उभं राहायला साधारण साडेतेरा चौरस मीटर जागा लागते. मुंबईकराच्या वाट्याला मोकळी सार्वजनिक जागा दीड चौरस मीटरही येत नाही. म्हणजे इमारतीतलं मूल आणि इमारतीतली गाडी यांच्यात कोणाला प्राधान्य द्यायचं, याचा निवाडा आपण केव्हाच केलेला आहे.

तो कोणी केला, हे विचारलं की मंडळी ‘बिल्डर’ म्हणून मोकळी होतात. बिल्डरला आराखडा मंजूर करून घ्यायला सोसायटीच्या सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो. त्या सभांना मी बसलेलो आहे. घराचं कारपेट क्षेत्रफळ किती वाढणार, कॉर्पस म्हणजे बिल्डरकडून एकरकमी पैसे किती मिळणार, भाडं किती, पार्किंग एक की दोन, यावर रात्री अकरापर्यंत घसे बसतात. मुलांच्या खेळाची जागा जमिनीवर असेल की सहाव्या मजल्यावरच्या पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या मजल्यांवरच्या गच्चीवर, हा प्रश्न आला तर शेवटच्या पाच मिनिटांत येतो. खरं तर यावर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्येच कोहिनूर सीटीएनएल प्रकरणात म्हटलं होतं, की नियमांनी ठरवून दिलेलं किमान क्रीडांगण जमिनीवरच असलं पाहिजे. ते पोडियमवर ढकलून पूर्ण केल्याचं दाखवता येणार नाही. हा निकाल किती सोसायट्यांच्या सभेत वाचला गेला असेल? सभेत बसणारे सभासद कोण आहेत? साठीच्या आसपासचे. म्हणजे तेच, जे सकाळी ‘आमचं बालपण’ पुढे पाठवतात. नवीन इमारतीत राहायला गेल्यावर पहिल्या महिन्यात ‘आवारात चेंडू खेळण्यास सक्त मनाई’ ही पाटीही त्यांच्याच समितीने लावलेली असते, कारण काचा फुटतात आणि दुपारची झोप मोडते.

बाकीच्या जगाने या प्रसंगी काय केलं? दुसऱ्या महायुद्धानंतर अ‍ॅमस्टरडॅम शहराकडे ना पैसा होता ना मोठ्या जागा. १९४७ पासून तिथल्या पालिकेने आल्डो व्हान आइक या तरुण वास्तुविशारदाकडून रिकामे कोपरे, पडक्या घरांच्या मोकळ्या फटी, दोन रस्त्यांमधल्या पट्ट्या यांत खेळायच्या जागा करून घेतल्या: वाळूचा हौद, चार खांब, एक लोखंडी कमान. तीस वर्षांत अशा सातशेहून अधिक जागा झाल्या. पुढे रस्ते गाड्यांनी भरले. १९७१ मध्ये नेदरलंड्समध्ये रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसं मेली, त्यांत चारशेहून अधिक मुलं होती. तेव्हा तिथल्या आईबापांनी ‘आमच्या वेळचे रस्ते कसे छान’ असे लेख लिहिले असतीलही. पण ते रस्ता अडवून बसलेही, आणि १९७६ मध्ये कायद्यात अशा गल्ल्यांना स्थान मिळालं, जिथे मूल मधोमध खेळेल आणि गाडीने माणसाच्या चालीने जायचं. ते श्रीमंत देश, त्यांची गोष्ट वेगळी, असं कोणी म्हणेल. मग गोरेगावचंच घ्या. पाण्यासाठी इथल्या बायकांनी गावातल्या विहिरींच्या आठवणी आळवल्या नाहीत; त्या महापालिकेत गेल्या. महागाई वाढली तेव्हा १९७२ मध्ये लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. आणि कमाल धारणा कायद्यातली अतिरिक्त जमीन नुसती पडून आहे हे दिसल्यावर याच उपनगरातल्या माणसांनी नागरी निवारा परिषद काढून दिंडोशीच्या डोंगरावर सहा हजारांहून अधिक परवडणारी घरं उभी केली. जमिनीचा प्रश्न जमिनीवर सोडवता येतो, याचा धडा आमच्या घरापासून रिक्षाच्या किमान भाड्यात आहे.

या चळवळी झाल्या तेव्हा मुंबईत घर मागणारे होते, पाणी मागणारे होते. खेळायला जागा मागणारे मात्र कोणी नव्हते, कारण ती फुकट पडलेली होती. जी गोष्ट कोणी मागितलेली नसते, ती जाताना कोणाला विचारावं लागत नाही. आमच्या आईवडिलांच्या पिढीने मैदानासाठी मोर्चा काढला नाही हे समजण्यासारखं आहे. आम्हांला मात्र ती सबब नाही, कारण आम्ही ती जागा जाताना रोज गॅलरीतून बघत होतो.

मागायचं काय, याची यादी फार लांब नाही. पालिकेच्या शाळांची मैदानं शाळा सुटल्यावर कुलूपबंद असतात. ती संध्याकाळी उघडा. क्लबांच्या आणि टर्फवाल्यांच्या ताब्यात गेलेले सार्वजनिक भूखंड तासाच्या भाड्यातून सोडवा. प्रत्येक प्रभागात दोन-चार आतल्या गल्ल्या संध्याकाळी दोन तास गाड्यांना बंद करा. पुनर्विकासाचा आराखडा सभेत मांडताना क्रीडांगण जमिनीवर कुठे आहे, हे पार्किंगच्या आधी दाखवायला लावा.

‘मुलं उतरणारच नाहीत हो, त्यांना सवयच नाही,’ असं यावर हमखास म्हणतील. २०२२ मध्ये मुंबई पोलिसांनी रविवारी सकाळी काही रस्ते वाहनांना बंद ठेवून लोकांना मोकळे करून दिले होते. तिथे सायकली, स्केट, बॅडमिंटन, डांबरावर खडूने आखलेल्या लंगडीच्या चौकटी, सगळं अर्ध्या तासात अवतरलं. ही मुलं आदल्या रात्री मोबाईल बघतच झोपली असणार. पुढे तो उपक्रम थंडावला. तो पुन्हा सुरू करा असं पत्र वॉर्ड ऑफिसला आणि वाहतूक पोलिसांना किती सोसायट्यांनी दिलं? एका पानाचं पत्र आहे, मजकूर हवा असेल तर लिहून देतो. गटावर पुढे पाठवायला तोही बरा आहे.